वऱ्हाडातला तिरका र

तो आला होता पत्रिका छापायला. पण दुकानात पाऊल टाकल्यापासून त्याची नजर भिंतीवरच्या नमुन्यांवर नव्हती, हर्षालीवर तर त्याहून नव्हती... ती होती हर्षालीच्या कॉम्प्युटरवर!

आता अशा माणसाचा संशय येणार नाही तर काय होणार?

तुळशीचं लग्न नुकतंच लागलं होतं, म्हणजे नाशिकरोडच्या त्या बोळातल्या ‘प्रतिभा ग्राफिक्स’मध्ये श्वास घ्यायलाही रांग लावावी लागत होती. बाहेर अवेळी भुरभुर सुरू होती, द्राक्षबागवाल्यांच्या शिव्या खाणारी. आत शाईचा वास होता, आणि हर्षालीच्या पप्पांनी मळ्यातून मार्केटला जाता जाता टेकवलेल्या गुलाबांच्या जुडीचा. त्या दोन्ही वासांच्या मधोमध हर्षाली बसली होती— केसांत पेन्सिल, कपाळावर आठी.

“दादा, किती पत्रिका?” तिने विचारलं.

“तुम्ही...” तो स्क्रीनकडे वाकून बघत होता. “तुम्ही अजून विंडोज टेनवरच?”

“तुम्ही पत्रिका छापायला आलात की जनगणनेला?”

स्टुलावर बसून पाकिटं मोजणारी प्रतिभाआत्या फिस्सकन हसली. दुकान आत्याचंच. तिच्या मनगटांनी संप पुकारला तेव्हापासून खुर्ची भाचीकडे आणि टोमणे मात्र दोघींकडे.

त्याने एक पाऊल मागे घेतलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, खांद्याला काळी सॅक, आणि कान चक्क लाल झालेले. “सॉरी हां... सवय आहे. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो ना, दुकानादुकानांत जाऊन. सार्थक. एकलहऱ्याला राहतो. बहिणीचं लग्न आहे, भाग्यश्रीचं.” मग पुन्हा त्याची मान स्क्रीनकडे वळलीच. “पण तो जो निळा चौकोन येतोय ना मध्येच... त्याला तुम्ही काय करता?”

त्या चौकोनात लिहिलेलं असायचं की या कॉम्प्युटरला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, नवी सिस्टिम घ्या. खाली दोन बटणं. एक ‘आता’, एक ‘नंतर आठवण करा’.

“‘नंतर’वर क्लिक करते.”

“रोज?”

“दिवसातून दोनदा.”

“आयुष्यभर ‘नंतर’वरच क्लिक करत राहणार का?”

हर्षालीने मान वर केली. पहिल्यांदाच नीट पाहिलं त्याच्याकडे. आणि... पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, कारण तो हसत होता, आणि त्या हसण्यात कुठेही दुकानदारी दिसत नव्हती. आणि दुकानदारी नसलेली माणसंच जास्त धोक्याची, असं तिचं ठाम मत होतं.

“मुलाचं नाव सांगा,” ती कोरडेपणाने म्हणाली. “म्हणजे— नवरदेवाचं.”

*

दुसऱ्या दिवशी तो प्रूफ बघायला आला. तिसऱ्या दिवशी रंग बदलायला. त्यानंतर गणपतीचा फोटो जरा डावीकडे हवा म्हणून. एका गणपतीसाठी कुणी एकलहऱ्याहून येतं का? हर्षालीच्या मनात संशयाचं छोटंसं रोप उगवलं होतंच, त्याला तो रोज येऊन पाणी घालत होता.

“हे बघा,” एक दिवस तो टेबलावर कोपर टेकवत म्हणाला, “गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्ह तुम्ही सरळ आत घालता. अपडेट बंद झालेत. उद्या एखादा व्हायरस घुसला तर सगळ्या फाइली गेल्या.”

“आणि अपग्रेड केल्यावर आमचं जुनं मराठी सॉफ्टवेअर चाललं नाही तर? मग पण सगळ्या फाइली गेल्याच.”

हे मात्र खरं होतं. तोच तर सगळा घोळ होता! आत्याने दुकान टाकलं तेव्हापासूनच्या सगळ्या पत्रिका त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं. अर्धं नाशिकरोड याच दुकानातून लग्न करून गेलं होतं. आज एका पोरीची पत्रिका, दहा वर्षांनी तिच्या भावाची, आणि दरवेळी “मागच्यासारखीच करा”. त्या फाइली गेल्या की लग्नसराई गेली, आणि लग्नसराई गेली की दुकानाला कुलूप. आत्याच्या हातचं दुकान हर्षालीच्या एका क्लिकने बंद पडलं तर?

“चालतंय ना? मग हात लावायचा नाही,” आत्या स्टुलावरून म्हणाली.

“आत्या, चालतंय तोवरच हात लावायचा असतो,” सार्थक म्हणाला. “बंद पडल्यावर नुसतं डोक्याला हात लावता येतो.”

आत्याने चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. “बोलायला हुशार आहे गं हा.”

“तेच तर,” हर्षाली पुटपुटली.

“तुला नक्की कसला संशय येतोय?” त्याने अचानक विचारलं.

“हे ‘तू’ कधीपासून?”

“आत्ताच. अपग्रेड झालं.”

...आणि मेलं तिला हसू आलं! तिने ते पटकन गुलाबाच्या जुडीत लपवलं, पण त्याने ते पाहिलं, आणि त्याने पाहिलं हे तिनेही पाहिलं. मग दोघंही उगाचच बाहेरच्या भुरभुरीकडे बघत राहिले, जणू काही पाऊस कधी बघितलाच नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. लगेच काही करायचं नाही. सार्थक अख्ख्या डिस्कची नक्कल त्याच्या डिस्कवर घेणार, घरी नेऊन नव्या सिस्टिमवर जुनं सॉफ्टवेअर चालतं का ते बघणार. चाललं तर अपग्रेड. नाही तर ‘नंतर आठवण करा’.

नक्कल होत असताना तो चहा पीत तिच्या पत्रिका वाचत बसला. एका पत्रिकेवर तो थांबला. खाली चिमुकल्यांच्या नावाने एक ओळ असते ना, ती.

“‘दादाच्या वऱ्हाडात मी सगळ्यांच्या पुढे नाचणार... तुम्ही मागे राहू नका हं!’ हे कुणाचं?”

“माझं. सगळे तेच ते ‘यायचं हं’ छापतात. मला कंटाळा आला.”

“भारी आहे. भाग्यश्रीच्या पत्रिकेत हेच टाक. दादाच्या जागी ताई कर.” मग अगदी हळू म्हणाला, “तुझं डोकं कसं चालतं ते बघायला आवडतं मला.”

हर्षालीला त्या रात्री झोपच लागली नाही. माझं डोकं की माझी हार्ड डिस्क— याला नक्की काय आवडतं?

*

उत्तर नवसाबाईंनी आणून दिलं. निदान तिला तसं वाटलं.

नवसाबाई म्हणजे मार्केटात फुलांचे गाळे सांभाळणारी आत्याची मैत्रीण. धाकट्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या आणि आल्या आल्याच ओशाळल्या. “प्रतिभाताई, राग नका मानू हां. तुमच्याकडं लय गर्दी, पोराला घाई. त्यानं गंगापूर रोडला केली, त्या काचेच्या दुकानात.”

“राग कसला, बसा,” आत्या म्हणाली.

हर्षालीने पत्रिका उघडली. गुळगुळीत कागद, सोनेरी कड. आणि खाली...

दादाच्या वऱ्हाडात मी सगळ्यांच्या पुढे नाचणार... तुम्ही मागे राहू नका हं!

तिच्या हातातला चहा थंडगार झाला. म्हणजे चहा गरमच होता, हात थंड पडले होते.

तिने नवसाबाईंना काही विचारलं नाही. संशय एकदा मनात शिरला की त्याला प्रश्न विचारायचे नसतात, त्याला फक्त पुरावे हवे असतात. आणि पुरावाही मिळालाच. संध्याकाळी कागद आणायला ती गंगापूर रोडला गेली, तर त्या काचेच्या दुकानासमोर सार्थकची स्कूटर! मागे एकलहऱ्याच्या क्रिकेट क्लबचा स्टिकर लावलेली, तीच. आणि काचेतून तो दिसत होता— त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेला, मालकाशी हसत बोलणारा. अगदी तसाच हसत!

दुसऱ्या दिवशी तो आला तो पायऱ्यांवरूनच ओरडत. “हर्षाली! झालं! तुझं सॉफ्टवेअर—”

“गंगापूर रोडच्या दुकानाचं काम तू बघतोस?”

तो थांबला. “हो. दोन वर्षं झाली. का?”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. मी पंधरा-वीस दुकानांचं काम बघतो, हर्षाली. मेडिकल, किराणा, एक दातांचा डॉक्टरपण आहे.”

“दातांच्या डॉक्टरला माझ्या ओळी लागत नाहीत!” तिने पत्रिका त्याच्यासमोर आपटली. “माझी अख्खी डिस्क घरी नेलीस. आठ दिवसांत माझी ओळ त्यांच्याकडे. वा रे अपग्रेड!”

त्याने पत्रिका उचलली, वाचली, परत ठेवली. तो चिडेल, भांडेल, शपथा घेईल असं तिला वाटलं होतं. पण त्याने फक्त सॅक उघडली, त्यातून ती डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली. अगदी हळू... जणू ती झोपलेली होती.

“यात सगळं आहे. दुसरी नक्कल नाही. तूच पुसून टाक.” दारात थांबून तो म्हणाला, “भाग्यश्रीच्या पत्रिका झाल्या की फोन कर. नाही तर आत्यांना करायला सांग.”

स्कूटर सुरू झाली, बोळातून वळली, आणि दुकान एकदम इतकं शांत झालं, की प्रिंटरचा पंखासुद्धा तिला रागावल्यासारखा वाटला.

*

“चोर गेला,” आत्या पाकिटं मोजत म्हणाली.

“गेला ना.”

“बहिणीची पत्रिका मात्र आपल्याकडेच ठेवून गेला. चोराची बहीण चोरी झालेल्या दुकानातच पत्रिका छापते, हे मी नवीनच ऐकते.”

“आत्या, तू त्याच्या बाजूने आहेस?”

“मी माझ्या दुकानाच्या बाजूने आहे. त्या नवसाला विचारलंस तरी का, ही ओळ आली कुठून?”

हर्षाली फणकाऱ्याने कामाला लागली. भाग्यश्रीच्या पत्रिका छापायच्या बाकी होत्या. तिसऱ्या दिवशी गठ्ठा छापून आला, ताजा, शाईच्या वासाचा. ‘ताईच्या लग्नात वऱ्हाड येणार दारात, मी सगळ्यांच्या पुढे नाचणार...’ वाचता वाचता डोळे उगाच ओलसर झाले, म्हणून तिने हातातली पत्रिका बाजूला सरकवली, आणि ती नेमकी सरकली नवसाबाईंच्या पत्रिकेशेजारी.

दोन वऱ्हाडं. शेजारी शेजारी.

तिने डोळे पुसले. पुन्हा बघितलं. मग खण उघडून भिंग काढलं.

तिच्या ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा, पापणीसारखा तिरका र... तो खरं तर र नव्हताच! आत्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते अक्षरच नव्हतं. मग आत्याने काय करावं? एक स्वल्पविराम घेतला, आडवा केला, किंचित वाकवला आणि ह-च्या पाठीला चिकटवला. गेली कित्येक वर्षं नाशिकरोडची सगळी वऱ्हाडं त्या स्वल्पविरामावर नाचत होती. जवळून पाहिलं तर तो जरासा वर राहायचा, तोंड फिरवून बसलेल्या पाहुण्यासारखा.

आणि गंगापूर रोडच्या वऱ्हाडातला र? सरळ, जागच्या जागी, सगळा चोख. नव्या सिस्टिमवर नव्याने टाईप केलेला.

फाइल चोरली असती तर स्वल्पविराम सोबत गेला असता!

तिने फोन लावला. “नवसामावशी, ती शेवटची ओळ तुम्ही कुठून दिलीत हो त्यांना?”

“अगं, तूच केल्ती की! माझ्या नणंदेच्या पोराची पत्रिका होती घरात. ती नेऊन दाखवली, म्हटलं अशीच करा. का गं बाई? काय चुकलं का आमचं?”

“नाही मावशी,” हर्षाली म्हणाली. “तुमचं नाही.”

फोन ठेवून तिने डोकं टेबलावर टेकवलं. तिच्या दुकानात रोज माणसं दुसऱ्याची पत्रिका घेऊन येतात आणि म्हणतात, अशीच करा. रोज! ती स्वतः रोज करून देते. आणि तिला सुचला तो चोर.

“जा,” आत्या म्हणाली. “पत्रिका मी बांधून ठेवल्यात.”

*

एकलहऱ्याच्या वसाहतीत पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांमागे आभाळ गुलाबी झालेलं, आणि स्कूटीवर पुढे पत्रिकांचा गठ्ठा. दार एका मेंदी लावलेल्या मुलीने उघडलं.

“तूच ना ती पत्रिकावाली?” भाग्यश्रीने तिला नखशिखांत न्याहाळलं. “दादा म्हणाला होता, तोंडाची फार तिखट आहे. दिसत तर नाहीस.”

“अजून बोलले नाहीये.”

भाग्यश्री खळखळून हसली. “दादा! तुझं अपग्रेड आलंय!”

तो आतून आला आणि तिला बघून दारातच खिळला. भाग्यश्री गठ्ठा घेऊन पसार झाली. अर्थात दाराच्या मागेच.

“डिस्क पुसलीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“का? चोराकडची होती ना.”

“सार्थक...” हर्षालीला एरवी शब्दांची कमी नव्हती, पण आत्ता एकही जागेवर सापडेना. “त्यांच्या पत्रिकेतला र खरा आहे. माझा खोटा आहे. म्हणजे... स्वल्पविराम आहे. म्हणजे तू नाहीस. म्हणजे मी... मी चुकले.”

त्याने मान खाली घातली. तिला वाटलं, झालं, संपलं. मग दिसलं की तो ओठ आवळून हसू दाबतोय.

“आयुष्यात इतकी विचित्र माफी मला कुणी मागितली नसेल,” तो म्हणाला. “एकदा परत सांग. स्वल्पविरामापासून.”

“तुला राग नाही आला?”

“आला होता. खूप. दोन दिवस मी आईशीपण नीट बोललो नाही.” त्याने चष्मा काढून शर्टला पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे एकदम उघडे पडल्यासारखे दिसले. “दुकानं बदलतात गं, गिऱ्हाइकं बदलतात. पण तुझ्याकडे मी गणपती डावीकडे सरकवायला येत होतो असं तुला खरंच वाटलं?”

“वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. “तिथूनच तर संशय सुरू झाला.”

मग तो आत गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. ओसरीवरच दोघं बसले. त्या दिवशी पायऱ्यांवरून ओरडत तो जे सांगायला आला होता, ते त्याने आता सांगितलं. नव्या सिस्टिमच्या आत जुन्या सिस्टिमचं एक बंद खोकं करायचं, सॉफ्टवेअर त्या खोक्यात ठेवायचं. बाहेर सगळं नवं, आत सगळं जुनं, एकमेकांना धक्का नाही. डिस्क परत करण्याआधी त्याने करून पाहिलेलं होतं, तिचीच एक जुनी पत्रिका उघडून. आता दाखवायला मात्र खोकं रिकामंच होतं, फाइली परत गेल्या होत्या ना!

“चालेल?” त्याने विचारलं. “घाई नाही. नको असेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही. दुकान तुमचं आहे.”

हर्षाली चिमण्यांकडे बघत राहिली. धोका तर होताच. लग्नसराई ऐन भरात, आत्याचं दुकान, आणि हाताशी एक माणूस ज्याला ती महिनाभरही ओळखत नव्हती. पण ज्याला डिस्क परत करताना ती आपटावीशीसुद्धा वाटली नाही...

“रविवारी ये,” ती म्हणाली. “दुकान बंद असतं. आत्या डबा आणेल.”

*

रविवारी ‘आता’वर क्लिक केलं ते आत्याने. “माझं दुकान आहे, मीच करणार,” म्हणाली, आणि क्लिक करून डोळे गच्च मिटून घेतले.

स्क्रीनवर टक्के चढत राहिले. मध्येच काळोख झाला तेव्हा हर्षालीने सार्थकचं मनगटच पकडलं, आणि उजेड आल्यावरही सोडायचं विसरली. त्यानेही आठवण करून दिली नाही. आत्या मात्र डब्यातल्या मेथीच्या पोळ्यांकडे बघत म्हणाली, “मी जरा चटणी आणते,” आणि तासभर चटणी काही आली नाही.

दुपारी सगळं उघडलं. खोकंही उघडलं, खोक्यातलं सॉफ्टवेअरही, सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलीसुद्धा. स्वल्पविरामासकट!

“आता नव्यात टाईप करून बघ,” सार्थक म्हणाला. “नमुन्याची पत्रिका.”

तिने बोटं ठेवली. पत्रिकेत नावाची सुरुवात म्हणजे ‘चि.’, चिरंजीव. आणि जुन्या सवयीने तिने आधी वेलांटी मारली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागाहून, असंच असायचं. पण इथे स्क्रीनवर वेलांटी उमटली आणि तिच्या पोटाशी ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ येऊन थांबलं.

“अय्या! हे काय? बिघडलं?”

“बिघडलं नाही. नव्यात आधी अक्षर लागतं, मग वेलांटी. तू वेलांटी आधी काढलीस, म्हणून ती वाट बघतेय. अक्षराची जागा रिकामी ठेवून.” मग अगदी पहिल्या दिवसासारखे त्याचे कान लाल झाले. “मी पण... बरेच दिवस असाच बसलोय. तुझ्या दुकानात. रिकामी जागा ठेवून.”

हर्षालीला एकदम खूप काही बोलायचं होतं. तिने हात कीबोर्डवर ठेवले. वर्तुळ पुसलं. आधी च. मग वेलांटी. चि. आणि एक पूर्णविराम.

“पुढे नाव टाक,” तो म्हणाला.

“कुणाचं टाकू?”

“ज्याच्यावर तुझा अजिबात संशय नाही, त्याचं.”

“असा तर कुणीच नाहीये,” ती म्हणाली, आणि खाली मान घालून, एकेक अक्षर आधी, मात्रा मागाहून, नीट नव्या पद्धतीने टाईप करू लागली.

चि. सार्थक.

“थोडासा संशय असलेलं चालेल ना?”